एका ओळीतले दोन सहा

कडेगाव,
वैशाख, गुरुवार

श्री. नानासो जगदाळे, मुक्काम गोडोली, सातारा, यांच्या सेवेशी,

तुमचा व्याही हंबीरराव याचा दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढं येईलच. आधी रीतसर विचारपूस उरकून घेतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही विचारपुशीला उत्तर द्याल याची मला खात्री नाही.) तुमची तब्येत बरी असेल. डाव्या डोळ्यात थेंब घालायचं चालू असेल, आणि घातल्यावर दहा मिनिटं डोळा मिटून पडायचं असतं ते तुम्ही करत नसाल. विहीणबाईंच्या गुडघ्याला त्या नव्या तेलानं गुण आला का, ते आमच्या घरची मनुबाई विचारते आहे. इकडं सगळी खुशाल. तुमचा जावई साईराज याचा फोन पोस्टिंगवरून दर रविवारी येतो. तिकडं अजून स्वेटर घालतात म्हणे, आणि इथं आम्ही अंगावर बनियन ठेवावं का नाही या विचारात आहोत. रेश्मा मजेत आहे. तिच्याबद्दल बरंच सांगायचं आहे, किंबहुना पत्र तिच्याबद्दलच आहे, पण एवढ्यात नको.

राहिली माझी तब्येत. महिना झाला, तुम्ही एक दिवसाआड फोन करून विचारता, "पाहुणं, चक्कर परत आली न्हाई न्हवं?" आणि मी म्हणतो, "आता उतार हाय." नानासो, माझी तब्येत उत्तम आहे. त्या दिवशी तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्येही ती उत्तमच होती. हे मी फोनवर सांगू शकलो असतो, पण फोनवर तुमचा काळजीचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "उतार हाय" एवढंच निघतं. शिवाय आमचा फोन मनुबाईच्या कानाच्या टप्प्यात चालतो. म्हणून फौजेतल्यासारखं पत्र लिहायला बसलो आहे. पत्राला मध्येच कोणी "आवं पण" म्हणू शकत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

तर सुरुवात तुम्हाला आठवत असेलच. गेल्या श्रावणात तुम्ही दोन दिवस आमच्याकडं होता आणि सकाळी पुढच्या सोप्यात पेपर मांडीवर घेऊन, कानामागची पेन्सिल काढून, आकडेकोडं सोडवत बसला होता. मी शेजारी येऊन बसलो आणि विचारलं, हे काय. तुम्ही बिचाऱ्यानं नीट समजावून सांगितलंत. चौकोनात सहा आडव्या ओळी, सहा उभ्या. प्रत्येक ओळीत एक ते सहा हे आकडे एकेकदाच यायचे, आडवे बघा नाही तर उभे बघा. वर आणखी जाड रेघांनी दोन-दोन, तीन-तीन घरांचे गट पाडलेले, आणि गटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक संख्या आणि एक चिन्ह. बेरीज असेल तर गटातल्या आकड्यांची बेरीज तेवढी आली पाहिजे, गुणाकार असेल तर गुणाकार. मी मान हलवली. (मान हलवणं मला फौजेनं शिकवलं. ब्रीफिंगमध्ये समजलं नाही तरी मान हलवायची आणि नंतर शेजारच्याला विचारायचं.) मग तुम्ही हसत हसत म्हणालात, "पर ह्ये तुमचं काम न्हाई पाहुणं. ह्याला डोकं थंड लागतं. तुमचं फौजी डोकं, दौडो म्हटलं की सुटायचं."

तुम्ही ते गमतीत म्हणालात, हे मला आत्ता कळतं. तेव्हा ते लागलं. मी म्हणालो, आवं, शंभर जवानांचं रेशन मी तोंडी काढत होतो, मला काय सांगताय, मी हे रोज सोडवतो. नानासो, हे माझं पहिलं खोटं. एवढंच बोलून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण तुमचा चेहरा एवढा खुलला, की बोलायला जोडीदार मिळाला म्हणून तुम्ही माझा हातच धरलात. ठरलं ते तुमच्याच पुढाकारानं: दोघांकडं एकच पेपर येतो, रोज सकाळी ज्याचं आधी सुटेल त्यानं कोड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. मी हात मिळवला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मोजणी केलेला माणूस आणि मी. 

पहिल्या दिवशी मी खरंच बसलो, हे मात्र लिहून घ्या. पेपरात दोन कोडी असतात, एक छोटं, ओळीला चार घरांचं, एक मोठं सहाचं. मी म्हटलं आधी छोट्यावर हात बसवू. दोन घरांचा गट, कोपऱ्यात सात आणि बेरजेचं चिन्ह. मी ठणकावून पाच आणि दोन लिहिले. मग उभ्या ओळीत दोन आधीच होता म्हणून ते खोडून सहा आणि एक केले. तेही बसेना, तेव्हा छापणाऱ्यानंच चूक केली असं माझं मत झालं आणि मी तसं मोठ्यानं बोललो. रेश्मा झाडलोट करत होती. ती केरसुणी धरून वाकल्या वाकल्या म्हणाली, "मामा, चारच घरं हायती नव्हं? मग ह्यात पाच येतच न्हाई. तीन आन् चार." आणि पुढं झाडत गेली. मी पेपरात पाच शोधत बसलो. तेवढ्यात तुमचा फोटो आला, सहाच्या मोठ्या कोड्याचा, सात चाळीसला, एकही खाडाखोड नसलेला.

तिसऱ्या दिवशी मी पेपर खाटेवर टाकून उसाला पाणी सोडायला गेलो. परत आलो तर मोठं कोडं भरलेलं. बारीक पेन्सिलीनं, जणू कोणाला दिसू नये अशा बेतानं. मी हाक मारली. रेश्मा पदराला हात पुसत आली आणि गुन्हा केल्यासारखी म्हणाली, "चुकून झालं मामा. भाकरी तव्यावर हुती तेवढ्यात." मी विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली, "व्हय." मी घड्याळात बघितलं, सव्वासात. आणि नानासो, मी आत जाऊन निळा बॉलपेन घेतला आणि त्या बारीक आकड्यांवरून माझ्या अक्षरात आकडे गिरवले. मग फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला.

तुमचा फोन आला. "आवं पाहुणं! सव्वासात! कमाल हाय तुमची!" आता तुम्हाला खरं सांगतो. रिटायर होऊन मला तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत कमाल हा शब्द माझ्याबाबत कोणी वापरला नव्हता. मनुबाई एकदा म्हणाली होती, पण ती "कमालच केली बाई ह्यांनी" अशी, आणि त्यात कौतुक नव्हतं. तो शब्द मी दिवसभर गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचून झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. विसरल्यासारखा. शेजारी पेन्सिल ठेवली, टोक काढून.

असे आठ महिने. आता तुमच्या ध्यानात आलंच असेल, तरी एकदा सरळ लिहितो, नाही तर पत्र लिहून उपयोग नाही. नानासो, माझ्याकडून तुम्ही एकदाही हरला नाहीत. हरलात ते रेश्माकडून. तुमच्या लेकीकडून. माझं काम फक्त बॉलपेनचं.

(इथं थोडा वेळ थांबलो होतो. चहा घेतला. तुम्हीही घ्या.)

खोटं एकदा उभं केलं की त्याची देखभाल फार असते. एकदा फोटोत पेपराच्या कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटला होता. तुम्ही विचारलंत, पीठ कसलं? माझ्या तोंडून निघून गेलं की मी कणीक मळता मळता सोडवतो, सुनेला तेवढीच मदत. तुम्ही ते कौतुकानं संघाच्या ग्रुपवर टाकलंत, आणि त्यावरून विहीणबाईंनी तुम्हाला पंधरा दिवस कणीक मळायला लावली असं रेश्माकडून कळलं. त्याबद्दल वेगळी माफी मागतो. मग तुम्हाला रीत समजून घ्यायची असायची. तुम्ही दुपारी फोन करायचात, "ह्ये तुमी कसं वळकलं?" त्यासाठी रेश्मा जेवणं झाल्यावर मला अर्धा तास पढवायची आणि मी ते पाठ करायचो. फोन स्पीकरवर ठेवून बोलायचो आणि ती समोर दारात उभी राहून बोटं दाखवायची. ती एकवीसची रीत, जी तुम्ही वहीत "हंबीरपद्धत" म्हणून लाल शाईनं लिहून ठेवली आहे, ती तिची. एक ते सहाची बेरीज एकवीस, म्हणून ओळीतल्या पाच घरांची बेरीज कळली की एकवीसातून वजा करा, सहावं घर आपोआप निघतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कांदा चिरताना सुचलं म्हणाली.

आणि आता जे लिहितो ते या सगळ्यात मला जास्त खुपतं. माघात एके सकाळी रेश्मा माझ्यासाठी कोडं सोडवत होती आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. मनुबाईनं घर डोक्यावर घेतलं. "लक्ष कुटं आस्तं गं तुझं?" मी सोप्यात पेपराआड बसलो होतो. मी उठून सांगायला हवं होतं की लक्ष माझ्या कामात होतं. मी काय केलं? पेपराआडूनच म्हणालो, "व्हय की. जरा ध्यान द्यावं माणसानं."  रेश्मानं ओटा पुसला, आणि पुसून झाल्यावर पेपर माझ्यापुढं आणून ठेवला. कोडं पूर्ण होतं.

मग तुमच्या संघाचं आमंत्रण आलं. चेअरमन आप्पासोंचं पत्र, लेटरहेडवर, "आकडेकोड्यातील अधिकारी व्यक्ती सुभेदार हंबीरराव यांचे प्रात्यक्षिक". मी तीन वेळा नाही म्हणालो. तुम्ही चौथ्यांदा म्हणालात, "पाहुणं, माझ्या शब्दाखातर." मी रेश्माला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "चला मामा, पंधरा दिस हायती, शिकवते." मला शिकण्यापेक्षा पाठ करणं सोपं वाटलं. आप्पासोंकडून प्रात्यक्षिकाचं कोडं आधी मिळतं का ते बघा म्हणून तुम्हालाच आडून विचारलं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "छ्या, तुमच्यासारक्याला काय गरज?"

त्या रविवारी हॉल भरलेला. मला शाल, नारळ, पुढच्या खुर्च्यांवर तुमच्या संघातल्या रंगूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी वह्या घेऊन बसलेल्या. तुम्ही माईक घेतलात आणि माझी ओळख करून दिलीत. एवढं चांगलं माझ्याबद्दल माझ्या रिटायरमेंटलाही कोणी बोललं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "आमची रेश्मा गणितात पहिल्यापास्नं कच्ची. धाव्वीला पंचावन्न. म्हणून आर्ट्सला घातली. पर नशीब बघा पोरीचं, पडली कुटं, तर आसल्या गणित्याच्या घरात!" हॉल हसला. मी तिसऱ्या रांगेत बघितलं. रेश्माही हसत होती. म्हणजे तोंड हसत होतं. हात मांडीवर होते आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

तिथून माझं डोकं गेलं. चक्कर नव्हे, लाज. फळ्यावर सहाचं कोडं काढलेलं. पहिल्या ओळीत पहिला गट दोन घरांचा, बेरीज अकरा. मी पाच आणि सहा लिहिले. टाळ्या. ते बरोबर होतं, ते माझं मी केलं होतं, पण त्याचा आनंद घ्यायला मन ठिकाणावर नव्हतं. दुसरा गट, भागाकार, उत्तर तीन. मी सहा आणि दोन लिहिले. सहाला दोननं भागलं की तीन, यात माझं काय चुकलं? मागून कोणी तरी ओरडलं, "आता ती हंबीरपद्धत दाखवा!" मी छाती फुगवून मांडलं: अकरा आणि आठ एकोणीस, एकवीसातून एकोणीस गेले दोन, राहिली दोन घरं, तेव्हा एक आणि एक. आणि लिहिले. पाच, सहा, सहा, दोन, एक, एक. खडू खाली ठेवला आणि हॉलकडं वळलो.

 तुम्ही खुर्चीत पुढं सरकून चष्मा पुसलात. मग रंगूबाईंनी विचारलं, "आवं पाहुणं, एका वळीत दोन सहा, दोन एक. जोडीजोडीनं बसवल्यात व्हय?"

तो हशा मी मरेपर्यंत विसरणार नाही. फौजेत माझ्यावर गोळीबार झाला आहे, पण तेव्हा निदान आडवं पडता येत होतं. इथंही मला तेच सुचलं. कपाळावर हात ठेवला आणि खुर्चीवर बसलो, म्हणजे जवळजवळ पडलो. आणि नानासो, तुम्ही माईक ओढून घेतलात. "हसू नगासा! काल दिसभर उन्हात उसात हुतं त्ये! चक्कर आली त्येंना!" (मी आदल्या दिवशी दुपारी पंख्याखाली झोपलो होतो.) तुम्ही मला स्वतःच्या खांद्यावर घेऊन रिक्षात घातलंत. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, चांगला. साखर बघितली, चांगली. छातीला वायरी लावून कागद काढला आणि म्हणाले, तिशीतल्या गड्याचं काळीज आहे. मी पडल्या पडल्या कण्हलो, कारण एवढं चांगलं निघाल्यावर काही तरी दुखणं भाग होतं. दाराच्या फटीतून तुम्ही दिसत होता. बाकावर बसला होता, मांडीवर माझी शाल आणि नारळ, हातात माझे बूट. मला बाहेर आणल्यावर तुमचे डोळे भरले होते. "पाहुणं, माज्या हट्टापायी तुमास्नी काय झालं आस्तं तर मी रेश्माला तोंड कसं दावलं आस्तं?"  तुम्ही वाकून माझे बूट माझ्या पायांपुढं ठेवलेत, आणि मी ते घातले.

परतीच्या एसटीत रेश्मा खिडकीशी आणि मी शेजारी. तुम्ही दिलेली पाण्याची बाटली माझ्या मांडीवर.  उंब्रज आल्यावर मीच म्हणालो, "रेश्मा, चुकलं गं माझं." ती म्हणाली, "अकरा तुमी बरोबर फोडलं मामा. भागाकाराला एक आन् तीन घेतलं आसतं तर वळ सुटली आसती." थोडं पुढं गेल्यावर, बाहेर बघतच, म्हणाली, "पंचावन्न न्हवतं. अठ्ठावन्न हुतं." एवढंच.  कराडला गाडी बदलताना मी विचारलं, मग तू दादांना (म्हणजे तुम्हाला) का नाही सांगितलंस, आठ महिन्यांत एकदाही? ती म्हणाली, "दादा रोज फोन करायला लागलं की. आदी म्हैन्यातनं एकदा करायचं. तुमच्यासाटी करायचं, पर मला आवाज यायचा."  मी तुमची ती पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढं धरली.

घरी आलो तर विहीणबाईंचा फोन माझ्याआधी पोचलेला. मनुबाईनं त्याच संध्याकाळपासून माझं मीठ बंद केलं. खर्डा, लोणचं, पापड, सगळं कुलपात. अळणी आमटी आणि अळणी भाकरी. पहिल्या घासाला वाटलं सांगून टाकावं. मग वाटलं, नको, हीच शिक्षा बरी. पण शिक्षेनं तोंड बेचव होतं, मन स्वच्छ होत नाही. आठव्या दिवशी मी रेश्माला म्हणालो, मला शिकव. सोंगासाठी नको, खरंच शिकव.  ती जुन्या कॅलेंडरची पानं घेऊन आली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं चार घरांचा चौकोन आखला.

मास्तरीण म्हणून तुमची लेक कडक आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. पेन तिनं पहिल्याच दिवशी काढून घेतला. खात्री झाल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. अंदाज चालणार नाही. "बसतंय वाटतं" असं मी म्हणालो की ती म्हणायची, "वाटतं न्हाई मामा. बसतं का न्हाई?" मला गटांचं काही केल्या समजेना, तेव्हा तिनं सांगितलं की हे जाड रेघेचे वाफे समजा. प्रत्येक वाफ्याला किती पाणी द्यायचं ते कोपऱ्यात लिहिलंय, आता कुठल्या दाऱ्यातून किती सोडायचं ते तुम्ही ठरवा. तेव्हा डोक्यात काही तरी उघडलं. पुढचं अवघड होतं ते थांबणं. वजाबाकी एक आली की जोड्या तीन: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. मला लगेच एक जोडी ठोकून पुढं जायचं असायचं. ती म्हणायची, तिन्ही कडेला लिहून ठेवा आणि दुसरीकडून काय येतंय त्याची वाट बघा. साठी ओलांडल्यावर मला कोणी वाट बघायला शिकवेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही श्रावणात थंड डोक्याचं म्हणाला होता ते हेच.

बाराव्या दिवशी माझं पहिलं कोडं सुटलं. चार घरांचं. एक तास पन्नास मिनिटं लागली, तीन वेळा खोडलं, कागदाला एका जागी भोक पडलं. पण शेवटचा तीन जागेवर बसला तेव्हा उभी ओळ, आडवी ओळ आणि वाफा, तिन्हीकडून एकदम बरोबर आला. मी सोप्यात एकटाच उभा राहिलो. मनुबाईला दाखवलं तर ती म्हणाली, "येवढ्या येळात दोन सऱ्या खुरपून झाल्या आसत्या." रेश्मानं मात्र कागद हातात घेऊन एकेक ओळ तपासली आणि कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण केली. त्या खुणेनं मला जे वाटलं ते तुमच्या कमालीनं वाटलं नव्हतं. आणि लगेच दुसरं ध्यानात आलं. हे असलं सुख त्या पोरीच्या हाताला रोज सकाळी येत होतं, ऐन कामाच्या घाईत, स्वतःचं एकटीचं, आणि मी आठ महिने त्यावर निळा बॉलपेन फिरवत होतो.

म्हणून हे पत्र. माफी मागायची तर दोघांची. तिची मी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मामा," पण दुसऱ्या दिवशी तिनं मला जरा सोपं कोडं दिलं, त्यावरून माफ केलं असावं. दूध उतू गेलं त्याचं खरं कारणही मी मनुबाईला सांगितलं आहे. (ती म्हणाली, मला तेव्हाच संशय आला होता.) तुमची माफी आता मागतो आहे. तुम्ही मला मित्र समजलात आणि मी तुम्हाला फसवलं, एवढंच नाही, तुमच्या लेकीला तुमच्याशी आठ महिने खोटं बोलायला लावलं. रागावा. फोन करू नका वाटलं तर नका करू. पण माझ्यावर राग धरून रेश्माचा फोन मात्र बंद करू नका. वहीतल्या रीतीचं नाव बदलायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगायच्या लायकीचा उरलो नाही.

विहीणबाईंना नमस्कार. चूकभूल नव्हे, सगळी चूकच, तेवढी पोटात घालावी.

तुमचा (अजून म्हणू देत असाल तर) पाहुणा,
हंबीरराव

ता. क. मनुबाईला दुधाचं सांगितलं, चक्कर खोटी होती हे अजून सांगितलेलं नाही. माणसानं एका महिन्यात किती कबूल करावं? विहीणबाईंनी एक फोन करून "डॉक्टर मीठ चालंल म्हणाले" एवढं सांगितलं तर उपकार होतील. कागद बघून तिशीतलं काळीज म्हणालेच होते, म्हणजे हे अगदीच खोटं नाही.

ता. ता. क. आता मूळ काम. इतकं लांबण लावलं ते याच्यासाठीच. जूनच्या दुसऱ्या रविवारी सांगलीला आकडेकोड्यांची जोडी-स्पर्धा आहे. नात्यातली दोन माणसं, एका टेबलावर, एक कोडं मिळून. रेश्माला मी म्हणालो, चल, मी येतो तुझ्याबरोबर, आता मलाही चार घरांचं येतं. ती हसली नाही, पण म्हणाली, "तिथं सहाची आस्त्यात मामा." मग भांडी घासायला बसली, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "दादांनी मला सोडवताना बगितलंच न्हाई कवा." ती स्वतः तुम्हाला विचारणार नाही. मी विचारतो. याल का? तिच्या शेजारी बसायचं, आणि जिथं अडेल तिथं तिला विचारायचं.

ता. ता. ता. क. सोबत फॉर्म जोडला आहे. मुदत येत्या पंधरवड्यातच संपते आणि पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून जोडीदार या रकान्यात तुमचं नाव मी लिहून टाकलं आहे, तुमची जन्मतारीख रेश्मानं सांगितली. सही मात्र रिकामी आहे. खरं सांगायचं तर तीही मीच करणार होतो, लग्नाच्या वेळच्या तुमच्या पत्रावरून चार वेळा गिरवूनही बघितली होती. रेश्मानं कागद काढून घेतला आणि म्हणाली, "मामा, त्येंची त्येंना करू द्या."